शून्याचा हट्ट आणि जिवाणूंवरचा भरवसा

पेट्रोलपंपाखालची टाकी गळते, आजूबाजूची माती आणि भूजल बिघडतं, आणि मग ते साफ कसं करायचं यावर वाद पेटतो. हा वाद बघता बघता दोन तंबूंत वाटला जातो. एका तंबूचं म्हणणं असं, की सगळी माती खणून काढा, सगळं पाणी उपसून शुद्ध करा, शेवटचा थेंब निघेपर्यंत थांबू नका. दुसरा तंबू म्हणतो, मातीतले जिवाणू पेट्रोल खातात, हे सिद्ध झालेलं आहे; दहा-वीस वर्षांत सगळं आपोआप निवळेल, उगाच पैसा मातीत कशाला घालायचा? पहिल्यांना दुसरे विकले गेलेले वाटतात, दुसऱ्यांना पहिले अडाणी. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे, हीच यातली पंचाईत. अर्धं खरं बोलणाऱ्या दोन माणसांचं भांडण मिटवणं सगळ्यांत अवघड.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. जमिनीखाली मोकळं साचलेलं पेट्रोल मिळेल त्या मार्गाने आणि मुख्य म्हणजे लवकर बाहेर काढलंच पाहिजे. तिथे काटकसर नको. पाण्यात विरघळून पसरलेला उरलासुरला अंश मात्र बऱ्याच ठिकाणी जिवाणूंवर सोडायला हरकत नाही. तिथे शून्याचा हट्ट धरला तर पैसाही जातो आणि वर्षंही जातात. पण जिवाणूंवर सोडणं वेगळं आणि वाऱ्यावर सोडणं वेगळं. हा फरक मोजणीच्या वहीत दिसतो आणि आधीच बाजूला काढून ठेवलेल्या पैशात दिसतो. वादात नेमकं या दोन गोष्टींबद्दल कुणी बोलत नाही.

निम्मा वाद जमिनीखाली काय घडतं याच्या अज्ञानावर पोसलेला आहे, म्हणून आधी ते पाहू. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. ते पाण्याहून हलकं. लिटरभराचं वजन पाऊण किलोच्या आसपास. टाकीतून झिरपलेलं पेट्रोल खाली उतरताना काही मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत अडकतं, काही वाफ होऊन मातीतल्या हवेत मिसळतं, आणि गळती मोठी असेल तर उरलेलं भूजलाच्या पातळीपर्यंत पोचून तिथे आडवं पसरतं. मग त्यातले विरघळणारे घटक, म्हणजे बेन्झीन, टोल्यून, एथिलबेन्झीन आणि झायलीन, खालून वाहणाऱ्या पाण्याबरोबर पुढे सरकू लागतात. यांत बेन्झीन सगळ्यांत घातक. माणसाला रक्ताचा कर्करोग त्याच्यामुळे होतो, यात आता शंका उरलेली नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १०. पेट्रोलमध्ये आकारमानाने १ टक्का बेन्झीन धरलं, तर एका लिटर पेट्रोलमध्ये ते ९ ग्रॅमच्या आसपास भरतं. तेवढं सगळं पाण्यात उतरलं तर १७ लाख लिटर पाणी ५ मायक्रोग्रॅमच्या रेषेवर नेऊन ठेवायला पुरेसं आहे. आणि नाकाचा भरवसा धरता येत नाही. पाण्यात बेन्झीनची चव किंवा वास कळायला लागेपर्यंत ही मर्यादा किमान शंभरपट ओलांडलेली असते.

आता निरीक्षण विहिरीत डोकावू. ही विहीर म्हणजे जमिनीत उभा सोडलेला, पंजाच्या रुंदीचा, खालच्या भागाला बारीक फटी असलेला पाइप. त्यात दोरीने पारदर्शक प्लास्टिकचा लांबुडका पोहरा सोडतात. तो वर आला की खाली पाणी, वर पिवळसर पेट्रोल आणि मधे सरळ रेघ दिसते. तो थर बोटभर दिसला तर आजूबाजूच्या जमिनीतही बोटभर थर आहे, असं मात्र समजू नये. पाइपातला थर बहुधा जमिनीतल्यापेक्षा जाड दिसतो. याहून महत्त्वाचं म्हणजे भूजल वर चढलं की हा थर पातळ होतो, कधी दिसेनासाच होतो. पेट्रोल कुठे गेलेलं नसतं. पाण्याखालच्या पोकळ्यांत ते थेंबाथेंबाने कोंडलेलं असतं, पातळी उतरली की पुन्हा पाइपात जमतं. पातळी वरखाली होत राहते तसं पेट्रोलही मातीच्या मोठ्या उंचीवर माखलं जातं. म्हणून ‘विहिरीत आता पेट्रोल नाही’ असा दाखला कुणी पुढे केला, की तो कोणत्या महिन्यातला आहे हे विचारावं. वर्षातल्या सगळ्यांत भरल्या विहिरीतला एकच नमुना घेऊन प्रकरण मिटवणं ही या धंद्यातली फार जुनी सोय आहे.

शून्यवाल्यांची बाजू हलकी लेखण्यात अर्थ नाही. ज्याने बिघडवलं त्याने पूर्ववत करून द्यावं, हे न्यायाचं साधं तत्त्व आहे. ज्याच्या विहिरीत दुसऱ्याचं बेन्झीन आलं त्याने ‘स्वीकारार्ह जोखीम’ का स्वीकारावी? ती स्वीकारार्ह कुणी ठरवली, आणि ते पाणी ठरवणाऱ्याच्या घरी जातं का? शिवाय नियमातली प्रत्येक सवलत आधी वकिलांच्या हाती पडते आणि मग इंजिनिअरच्या, असाही अनुभव आहे. जिथे गळती लहान आहे, माती उथळ आहे, टाकी काढण्यासाठी खड्डा तसाही खणायचाच आहे, तिथे बिघडलेली माती त्याच दिवशी उचलून न्यावी, हेही बिनतोड. मी त्याच्या विरोधात नाही.

अडचण पुढे आहे, शेवटच्या थेंबापाशी. ओला पंचा कितीही पिळला तरी ओल राहतेच, तसं मातीच्या पोकळ्यांत अडकलेलं पेट्रोल पंपाने ओढून निघत नाही. ते कणाकणाने विरघळत राहतं आणि पाणी पुन्हा पुन्हा बिघडवतं. त्यात चिकणमातीचे थर असले तर बेन्झीन त्यांच्या आत मुरतं आणि बाहेरचं पाणी स्वच्छ झालं की उलट्या दिशेने बाहेर येऊ लागतं. पंप चालू असेपर्यंत आकडे खाली जातात, बंद केला की वर येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली पाणी उपसून शुद्ध करण्याच्या ७७ ठिकाणांचा आढावा घेतला. त्यांतल्या ६९ ठिकाणी ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं गेलेलं नव्हतं. ही ठिकाणं केवळ पेट्रोलची नव्हती, त्यांतली अनेक त्याहून चिवट रसायनांची होती, हे खरं. पण अडचणीचा स्वभाव तोच. मग अशा ठिकाणी वर्षानुवर्षं पंप चालवत ठेवायचा तो कशासाठी? काहीतरी चाललंय हे दिसावं म्हणून?

नेदरलँड्सने हा हट्ट अख्ख्या देशाच्या पातळीवर करून पाहिला. रॉटरडॅमजवळच्या लेक्केरकेर्क या गावात १९८० साली उघडकीला आलं, की नवी घरं ज्या भरावावर उभी आहेत त्यात रासायनिक कचऱ्याची पिंपं गाडलेली आहेत. टोल्यून आणि झायलीन, म्हणजे पेट्रोलमधलीच मंडळी, जमिनीत पसरली होती आणि पाण्याच्या प्लास्टिक नळांतूनही आत झिरपत होती. शेकडो घरं रिकामी करावी लागली. लोकक्षोभ एवढा होता की १९८३ मध्ये खास कायदा आला आणि धोरण ठरलं, की बिघडलेली जमीन कोणत्याही वापराला योग्य होईल इतकी साफ करायची. उद्या तिथे शाळा बांधा, भाजी पिकवा, विहीर खणा. तत्त्व म्हणून याहून उदात्त काय असणार? पण तेव्हा अशी ठिकाणं काही शेकडो असतील अशी समजूत होती. शोधायला लागल्यावर आकडा लाखांच्या घरात गेला. प्रत्येक ठिकाणी परिपूर्ण सफाई करायला पैसा पुरेना, म्हणून बहुसंख्य ठिकाणांना हातच लागेना. जमिनी पडून राहिल्या, शहरांची पुनर्बांधणी अडली. अखेर १९९७ च्या सुमारास त्या देशाने धोरण बदललं आणि जमिनीचा पुढचा वापर पाहून सफाईची पातळी ठरवायला सुरुवात केली. ज्यांना पर्यावरणाची फिकीर नाही अशा लोकांनी हा बदल केला, असं म्हणायची सोय नाही. समुद्रसपाटीखाली राहणारा, माती-पाण्याच्या बाबतीत जगातल्या सर्वांत काटेकोर देशांपैकी एक, त्याने हे केलं.

राहिला न्यायाचा प्रश्न. शेजाऱ्याला हवंय काय? आज पिण्याजोगं पाणी, की चाळीस वर्षांनी शून्य बेन्झीनचं भूजल? पहिलं देण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहायची गरज नाही. दूषित विहीर बंद करून दुसरीकडून पाणी देणं, घराखालच्या वाफा मोजणं, नुकसानीची भरपाई करणं, ही कामं गळती सापडल्याच्या महिन्यात व्हायला हवीत. प्रत्यक्षात शून्याच्या नावाखाली योजना मोठी होते, मोठी म्हणून तिला मंजुरी उशिरा मिळते, आणि तोवर मोकळं पेट्रोल सावकाश पसरत राहतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तेही बंबाची निविदा निघाल्यावर.

आता दुसऱ्या तंबूकडे. जिवाणू पेट्रोल खातात हे खरंच आहे आणि ते सिद्ध होऊन अर्धशतक झालं. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅम्बलर इथे पेट्रोलची पाइपलाइन गळली, तेव्हा १९७२ च्या सुमारास सन ऑइल कंपनीतले रिचर्ड रेमंड आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले. त्यांना दिसलं, की पेट्रोल खाणारे जिवाणू जमिनीत आधीपासूनच आहेत. त्यांना कमी पडतोय तो ऑक्सिजन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. त्यांनी विहिरींतून हवा आणि पोषकद्रव्यं खाली सोडली, आणि जागच्या जागी जिवाणूंकरवी सफाई करण्याच्या पद्धतीचा पाया तिथे पडला. पण ‘आपोआप’वाले ज्या विज्ञानाचा हवाला देतात, त्याची ही पहिली गोष्टच आपोआप घडलेली नाही. तिथे पंप होते, खतं होती, मोजणारी माणसं होती.

हवा का लागते याचा हिशेब थक्क करणारा आहे. एक किलो पेट्रोल जिवाणूंनी पुरतं संपवायचं तर तीन ते साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. भूजलात ऑक्सिजन विरघळून विरघळून किती असणार? चांगल्या पाण्यात लिटरमागे ८-१० मिलिग्रॅम. म्हणजे एका किलोसाठी साडेतीन लाख लिटरांच्या आसपास ताज्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन खर्ची पडायला हवा. उलट तेवढाच ऑक्सिजन १२ घनमीटर हवेत असतो, छोट्याशा खोलीत मावेल एवढ्या. भूजलाच्या पातळीच्या वरच्या कोरड्या मातीत हवा खेळवली की जिवाणू झपाट्याने काम करतात, आणि पातळीखाली, जिथे पेट्रोल दाट आहे तिथे, ते गुदमरून बसतात. कारण तिथला सगळा ऑक्सिजन त्यांनी आधीच संपवलेला असतो. पुढचं काम नायट्रेट, लोह, सल्फेट यांच्या आधारावर चालणाऱ्या जिवाणूंकडे जातं, आणि बेन्झीनच्या बाबतीत ते फार रेंगाळतं. मातीतून हवा शोषून घेणारे किंवा आत फुंकणारे पंप बसवतात ते याचसाठी. पहिल्या काही महिन्यांत त्यांतून सर्वाधिक पेट्रोल निघतं, नंतर निघणारं प्रमाण घसरत जातं. पैसा खर्च करायची वेळ ती, पहिली. दहाव्या वर्षी त्याच पैशात मूठभरही हाती लागत नाही.

दोन प्रसिद्ध ठिकाणं शेजारी ठेवली की सगळं उलगडतं. कॅनडातल्या बोर्डन लष्करी तळावर, वाळूच्या थरात, शास्त्रज्ञांनी बेन्झीन, टोल्यून आणि झायलीन विरघळवलेलं पाणी मुद्दाम सोडलं आणि ते कुठे जातं ते मोजलं. १९८७ साली त्यांनी निष्कर्ष छापला: ४३४ दिवसांत थोडंसं बेन्झीन वगळता जवळजवळ सगळं नाहीसं झालं होतं, तेही कुणी काही न करता. ‘आपोआप’वाल्यांना हा प्रयोग तोंडपाठ असतो. दुसरं ठिकाण मिनेसोटातलं बमिजी. तिथे २० ऑगस्ट १९७९ रोजी पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. बरंचसं गोळा केलं, काही जाळलं, तरी सुमारे ४ लाख लिटर जमिनीतच राहिलं. अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण १९८३ पासून त्याचा अभ्यास करतंय, आणि चार दशकांनंतरही तेल तिथे आहे. ते कमी होतंय, जिवाणू काम करतायत, विरघळलेल्या घटकांचा भूजलाबरोबर पुढे सरकणारा पट्टाही फार लांब पळालेला नाही. पण मूळ अजून टिकून. कच्चं तेल पेट्रोलपेक्षा जड, हे मान्य. तरी खरा फरक वेगळाच आहे. बोर्डनमध्ये फक्त विरघळलेलं रसायन होतं, मागून पुरवठा करणारं मोकळं तेल नव्हतं. बमिजीत ते होतं. मग गळक्या टाकीखालची जमीन कुणासारखी? पेट्रोल काढलं तर बोर्डनसारखी, न काढलं तर बमिजीसारखी. बोर्डनचा दाखला देऊन बमिजी तसंच ठेवायचं, ही चलाखी झाली.

मूळ काढल्यावर मात्र जिवाणूंच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. कॅलिफोर्नियातल्या शेकडो गळत्यांचा अभ्यास लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९५ मध्ये मांडला. बहुतेक ठिकाणी बेन्झीनचा पट्टा टाकीपासून २५० फुटांच्या आत येऊन थबकलेला होता. दोन वर्षांनी टेक्सासमधल्या अभ्यासात चित्र साधारण तसंच निघालं. पट्टा पुढे सरकतो तेवढ्याच वेगाने त्याच्या कडा जिवाणू खाऊन टाकतात, म्हणून तो एका जागी स्थिरावतो. वाळू-गाळाच्या जमिनीबद्दलचे हे आकडे भेगाळलेल्या बेसॉल्टला किंवा चुनखडीला लावता येत नाहीत, एवढी पुस्ती जोडायला हवी. भेगेतून पाणी कुठे आणि किती वेगाने जाईल हे नकाशावर वर्तुळ काढून कळत नसतं.

आणि इथेच शून्यवाल्यांचा सगळ्यांत धारदार मुद्दा येतो. त्याच १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला आपल्या विहिरींत एमटीबीई सापडला. शिसं काढून टाकल्यावर पेट्रोलचा ऑक्टेन टिकवायला १९७९ पासून आणि पुढे १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्त्यांमुळे धूर कमी करायला हा पदार्थ पेट्रोलमध्ये मोठ्या प्रमाणावर घातला जात होता. तो पाण्यात बेन्झीनच्या वीसपटीहून अधिक विरघळतो, मातीला फारसा चिकटत नाही, आणि जिवाणूंना तो सहजी पचत नाही. लिटरमागे २०-४० मायक्रोग्रॅमला पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास येतो. १९९६ मध्ये शहराने चार्नॉक भागातल्या विहिरी बंद केल्या आणि निम्म्याच्या आसपास पाणी एका झटक्यात गेलं. ते परत मिळायला, शुद्धीकरण प्रकल्प उभा राहायला, पंधरा वर्षांच्या आसपास लागली. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने १९९९ मध्ये एमटीबीई हटवायचा आदेश काढला. म्हणजे बेन्झीनचा पट्टा २५० फुटांत थांबतो म्हणून शास्त्रज्ञ दिलासा देत होते, तेव्हा त्याच टाक्यांतून निघालेला दुसरा पदार्थ त्या रेषेच्या पार पुढे गेलेला होता. याला काय उत्तर आहे?

उत्तर असं, की इथे चूक थांबण्यात नव्हती, अर्धवट मोजण्यात होती. बेन्झीन मोजून सगळ्या पेट्रोलबद्दल निष्कर्ष काढला गेला. तेव्हा माती शून्यापर्यंत खणली असती तर सांता मोनिकाच्या विहिरी वाचल्या असत्या का? विद्राव्य पदार्थ खणणाऱ्याच्या कितीतरी आधी निघून गेलेला असतो. वाचवलं असतं ते लवकर सापडलेल्या गळतीने आणि काय मिसळलंय ते आधी विचारणाऱ्या नियमाने. हवा स्वच्छ करायला निघालेल्यांनी पाण्याकडे पाहिलंच नव्हतं. शिशाच्या पेट्रोलबरोबरही असाच एक सोबती होता: इंजिनात शिसं साचू नये म्हणून घातलेलं एथिलीन डायब्रोमाइड. त्याची अमेरिकेतली मर्यादा बेन्झीनच्याही शंभरपट कडक, लिटरमागे ०.०५ मायक्रोग्रॅम. अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहराच्या कर्टलंड हवाई तळावर इंधनाची गळती १९९९ मध्ये लक्षात आली. तिथे शहराच्या विहिरींच्या दिशेने सरकणारा जो पट्टा चिंतेचा ठरला तो याच पदार्थाचा, आणि ज्या विमानी पेट्रोलमधून तो आला त्याचा वापर १९७५ मध्येच थांबलेला होता. आता पाळी इथेनॉलची. इथेनॉल स्वतः फारसं टिकत नाही, जिवाणू त्यावर तुटून पडतात. पण त्या नादात जमिनीतला ऑक्सिजन संपतो, बेन्झीन मागे उरतं आणि त्याचा पट्टा लांबतो, शिवाय मिथेन तयार होतो. जुन्या, इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवरून काढलेले दिलासे नव्या पेट्रोलला जसेच्या तसे लावणं म्हणजे १९९५ ची चूक पुन्हा करणं.

‘पडू द्या तसंच’ या वृत्तीची किंमत सगळ्यांत क्रूरपणे मोजली ती मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराने. पेट्रोलच्या पोलादी पाइपलाइनला नव्या पाण्याच्या नळाच्या सान्निध्यामुळे गंज चढून भोक पडलं, पेट्रोल जमिनीतून गटारांत उतरलं. रहिवासी काही दिवस वासाच्या तक्रारी करत होते. तपासणी झाली, पण वस्ती हलवली गेली नाही. २२ एप्रिल १९९२ ला सकाळी स्फोटांची मालिका झाली, कित्येक किलोमीटर रस्ते उखडले, २०० हून अधिक माणसं गेली. ‘हे काही जुन्या गळतीचं उदाहरण नव्हे’ असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. माझा मुद्दा तोच आहे. गळतीचे पहिले दिवस आणि दहावं वर्ष हे दोन वेगळे रोग आहेत, त्यांना एकच औषध लावणारे दोन्ही तंबूंत सापडतात. पहिल्या दिवसांत ‘जिवाणू बघून घेतील’ म्हणणं गुन्हा आहे. दहाव्या वर्षी ‘सगळं खणा’ म्हणणं नुसती उधळपट्टी.

मग शून्य कुठे मागावं? टाकीच्या भिंतीपाशी. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने जमिनीखालच्या इंधन टाक्या प्रथम नियमाखाली आल्या. तेव्हापासून साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. उघड्या पोलादाच्या जुन्या टाक्या बदलायला किंवा सुधारायला १९८८ च्या नियमांनी दहा वर्षं, २२ डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत दिली. मुदत देताच लाखो टाक्या निघाल्या, आणि निघताना खालची गळतीही दिसली. पण त्याच नियमांत मासिक तपासणीच्या उपकरणाकडून अपेक्षा काय आहे? तासाला ०.२ गॅलनची गळती ओळखता यावी. म्हणजे दिवसाला सुमारे १८ लिटर. त्याहून बारीक गळती तपासणीत उत्तीर्ण होऊ शकते आणि वर्षाला काही हजार लिटर जमिनीत सोडू शकते. भूजलात ५ ऐवजी ० मायक्रोग्रॅम मागणाऱ्यांचा आवाज इथे का चढत नाही? दुहेरी भिंतीची टाकी, मधल्या पोकळीत गळती टिपणारा सेन्सर, दुहेरी नळ, नळांच्या सांध्यांखाली तसराळं, यांत शून्य गाठणं शक्य आहे आणि ते नंतरच्या सफाईपेक्षा कैक पटींनी स्वस्त आहे. पण खड्डा आणि उत्खननयंत्र फोटोत दिसतात, सेन्सर दिसत नाही.

पैशाचं घोडं कुठे पेंड खातं तेही पाहू. पंपाचा मालक अनेकदा छोटा माणूस असतो. गळतीचा खर्च त्याच्या अख्ख्या धंद्याच्या किमतीहून जास्त निघू शकतो, मग तो दिवाळं काढतो किंवा गळती लपवतो. अमेरिकेने १९८६ मध्ये गॅलनमागे ०.१ सेंट कर लावून वेगळा निधी उभा केला आणि पेट्रोल विकणाऱ्यांना एका घटनेमागे १० लाख डॉलरपर्यंतच्या खर्चाची हमी आधीच दाखवायला लावली. ही रचना निर्दोष नाही. चार दशकांनंतरही तिथे हजारो प्रकरणांचं घोंगडं भिजत पडलेलं आहे. पण तिच्यामुळेच ‘बाकीचं निसर्गावर सोडू’ हे वाक्य प्रामाणिकपणे उच्चारता येतं, कारण निसर्गाने ऐकलं नाही तर पुन्हा पंप लावायला पैसे असतात. हमीशिवाय तेच वाक्य म्हणजे हात वर करणं. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये कमी धोक्याची प्रकरणं मिटवायचं जे धोरण आणलं, त्यात ही भाषा नीट बांधलेली दिसते: मोकळं पेट्रोल शक्य तितकं काढलेलं हवं, आणि मग पट्ट्याच्या लांबीला अंतराची अट. उदाहरणार्थ, पट्टा १०० फुटांहून लहान, मोकळं पेट्रोल नाही, आणि जवळची पाणीपुरवठ्याची विहीर किंवा ओढा-तळं पट्ट्याच्या कडेपासून २५० फुटांहून दूर. ‘निवळेल’ या शब्दाला फुटांत किंमत दिली की तो खोटा ठरवता येतो, आणि जो दावा खोटा ठरवता येतो त्यावरच भरवसा ठेवावा.

एक आक्षेप उरतो आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. वीस वर्षं मोजत कोण बसणार? अधिकारी बदलतात, पंप बंद पडतो, जागा विकली जाते, निरीक्षण विहिरीच्या झाकणावर डांबर चढतं. शून्यवाल्यांचा हट्ट मुळात या अविश्वासातून जन्मलेला आहे आणि तो अविश्वास अनाठायी नाही. यावर निदान एवढं तरी करता येतं: उरलेल्या पेट्रोलची नोंद त्या प्रकरणाच्या फायलीत न ठेवता जमिनीच्या मालकीच्या कागदावर चढवायची, खोलीसकट. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं, की इमारतीचा पाया आणि खालचं मोकळं पेट्रोल यांच्यात १५ फूट स्वच्छ माती असेल, किंवा पेट्रोल फक्त विरघळलेलं असेल तर ६ फूट, तर वाफा वर पोचण्याआधी जिवाणू त्या संपवतात. हा नियम पाळायचा तर पाया खणणाऱ्याला पेट्रोल किती खाली आहे हे माहीत असायला हवं. तळघर खणलं की १५ फुटांचे ५ होतात. विक्रीचा व्यवहार करताना, बांधकामाची परवानगी देताना, बोअर मारताना ज्या कागदाकडे पाहिलंच जातं, त्यावर ही खोली लिहिलेली हवी. आणि ती खोडायची तर निरनिराळ्या ऋतूंत, भूजल उतरलेलं असतानाही घेतलेले नमुने जोडल्याशिवाय खोडता येऊ नये.